मस्कतला जाताना काय नेसावं

पोलादपूर,
९ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सुप्रिया,

आशीर्वाद आहेतच, आधी बातमी ऐक. तुझ्या आईचा पासपोर्ट आला. पोस्टमन तो माझ्या हातात देईना, म्हणून वहिनीला वाडीवरून खाली बोलावून घेतलं. शेळ्या धाकट्या रेश्मावर टाकून ती आली, अंगठा उठवला आणि आतला स्वतःचा फोटो बघून म्हणाली, "ही कोण म्हातारी?" ओळखीची खूण म्हणून सरकारनं तिच्या कपाळावरचं गोंदण लिहिलंय. लहानपणी गोंदलेला तो हिरवा ठिपका आणि त्याखालची रेघ सरकारी कागदावर चढली, याचं तिला भारी अप्रूप वाटलं. घरी जाईपर्यंत दोनदा मला वाचायला लावलं.

तर आता तुम्ही नवराबायकोनं कबूल केल्याप्रमाणे तिला महिनाभर मस्कतला न्यायचं. रेश्माचं बिरवाडीचं स्थळ जवळजवळ ठरलंय, लग्न वैशाखात. त्याआधी ती जाऊन आली तर बरं. दादा गेल्यापासून वहिनी वाडीखाली उतरते ती दळणाला नाहीतर मयताला. थोरल्या लेकीचा संसार एकदा डोळ्यांनी पाहायचा, एवढं एकच मागणं तिनं माझ्याकडे केलंय.

प्रश्न आहे नेसण्याचा. मुसलमानी मुलूख, म्हणजे तिथली रीत वेगळी असणार. इथे विचारावं तर प्रत्येकाचं वेगळं. स्टँडवरचा कंट्रोलर सांगतो, बाईमाणसाचं नख दिसलं तरी धरतात. त्याचा मेहुणा सौदीत होता म्हणे. पण तो मेहुणा मी पाहिलाय, त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. म्हणून तुलाच विचारते. काय नेसायचं, काय नाही, ते सविस्तर लिही.

आणि एक. तुझी पत्रं वहिनीला मीच वाचून दाखवते. एखादी ओळ मी गाळली तर तिला कळत नाही, पण एखादी ओळ तू गाळलीस तर मला कळते. गणपतीपासून तुझ्या पत्राखाली विनीतरावांच्या वाकड्या अक्षरातल्या दोन ओळी नसतात. दिवाळीचा फोटो आला तोही एकटीचा. कपाळ मोकळं, गळा मोकळा. वहिनीनं तो बराच वेळ हातात धरला आणि कोनाड्यात ठेवून दिला. बोलली काही नाही. मी बोलते, कारण माझा तो स्वभाव आहे.

फोनवर उत्तर देऊ नकोस. बूथवाला धोंडू पावती फाडायच्या आधी बातमी बाजारात पोचवतो.

तुझी,
चंपाआत्या


मस्कत,
२६ नोव्हेंबर १९९८

ती. आत्या,

नमस्कार लांबूनच, पण वाकून.

आईचा पासपोर्ट आला हे वाचून खूप आनंद झाला. विनीत सध्या सोहारच्या बाजूला साइटवर असतात. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येता येत नाही, म्हणून त्यांच्या ओळी नसतात. माझीही हॉस्पिटलात ड्यूटीवर ड्यूटी चालू आहे. नर्सेस कमी आणि वॉर्ड भरलेले.

कपड्यांचं मात्र इथे खरंच फार कडक आहे. बरं झालं तू आधीच विचारलंस. आईचा नऊवारी काष्टा अजिबात चालणार नाही, पोटऱ्या दिसतात. सहावारीही नुसती चालत नाही, वरून गळ्यापासून पायापर्यंत काळा अंगरखा आणि डोक्याला काळा रुमाल लागतो. कुंकू, टिकली, बांगड्या, मंगळसूत्र, आपल्या धर्माची कसलीच खूण दिसता कामा नये. फोटोत माझं कपाळ तसं दिसलं ते त्यामुळे. सुरुवातीला मलाही जड गेलं, आता सवय झाली. तू आईला नीट समजावून सांग, म्हणजे ती मनाला लावून घेणार नाही.

आता आईला या वयात हे सगळं झेपेल का, याचा तूच विचार कर. तिनं जन्मभर काष्ट्यात डोंगर चढलाय. इथे उन्हात काळ्या कपड्यात गुदमरून जाईल, आणि मी ड्यूटीवर गेले की दिवसभर बंद घरात एकटी बसेल. तिला शेळ्यांवाचून करमत नाही हे तुला माहीतच आहे. मी नको म्हणत नाही. पण तिला त्रास होईल असं काही करायला माझा जीव धजत नाही.

रेश्माचं वाचून बरं वाटलं. बिरवाडीची माणसं कशी आहेत? सगळं नीट जमेपर्यंत घरात कुठलीही वेडीवाकडी गोष्ट होऊ देऊ नका.

तुझी,
सुप्रिया


पोलादपूर,
१३ डिसेंबर १९९८

चि. सौ. सुप्रिया,

तुझं नियमांचं पत्र पोचलं, वहिनीला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, काष्टा सोडायचा म्हटल्यावर ती पासपोर्ट माझ्या अंगावर टाकेल. तुलाही तसंच वाटलं असावं, अशी मला बारीकशी शंका आहे, पण ते असो. ती म्हणाली, "मुलूख त्यांचा, रीत त्यांची. शिकवा मला सहावारी."

मग शिकवली. माझी एक जुनी सहावारी नि परकर देऊन तिला वाडीवर पाठवलं. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात अडखळली. दुसऱ्या दिवशी शेळ्या तिला बघून बुजल्या नि रानात पांगल्या, त्या गोळा करता करता रेश्माची दुपार गेली. पण बाई हटली नाही. रोज गोठ्याचं आवरलं की सहावारी नेसून अंगणात फेऱ्या मारते. शेजारणी कुंपणाशी येऊन बघतात, तर त्यांनाच विचारते, निऱ्या सारख्या पडल्यात का.

काळा अंगरखा चंदू शिंप्याकडे टाकला. कोणासाठी, असं त्यानं विचारलंच. शाळेच्या गॅदरिंगसाठी, म्हणून ठोकून दिलं. मी शाळेतून कधीच रिटायर झाले हे तो विसरला नव्हता. आता मी बाजारात दुकानात शिरले की आतलं बोलणं थांबतं.

कुंकू नि बांगड्या वहिनीला तशाही नाहीत, ते दादाबरोबरच गेलं. राहिलं गोंदण. त्याचं काय करायचं ते लिही. पासपोर्टावर सरकारनंच ती खूण घातली आहे. ती रुमालानं झाकली तर तिकडचा साहेब म्हणेल, ही ती बाई नव्हे.

यापुढचं मी वहिनीला वाचून दाखवणार नाही. विनीतराव साइटवर आहेत म्हणतेस. मागच्या वर्षीही होते, तेव्हा तिथून वेगळ्या चिठ्ठीवर चार ओळी पाठवायचे. तुझ्या पत्त्यात आधी फ्लॅटचा नंबर असायचा, आता हॉस्पिटलची टपालपेटी आहे. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नवऱ्याचं अक्षर नाही, घराचा पत्ता नाही. पाणी कुठेतरी मुरतंय. सुप्रिया, तुम्ही दोघांनी धर्म तर बदलला नाहीत ना? बढतीसाठी म्हणा, कोणाच्या नादानं म्हणा? तसं असेल तर मला सांग. मी आकाशपाताळ एक करीन, पण सांग. हे स्थळ मी आणलं होतं, मला जाब विचारायचा हक्क आहे.

चंपाआत्या


मस्कत,
२९ डिसेंबर १९९८

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग संताप आला. कोणी काही बदललेलं नाही. देव्हारा नसला तरी माझ्या कपाटात गणपतीचं चित्र आहे, हवं तर त्याचा फोटो पाठवते. पत्ता बदलला कारण इमारतीत पत्रं हरवतात. शाळेत तू मुलांची दप्तरं उलटी करून बघायचीस, ती सवय अजून गेली नाही. सगळ्या जगानं तुझ्यापासून काहीतरी लपवलंय असंच तुला वाटतं.

गोंदणाची मी चौकशी केली. ते चालत नाही. कुंकू पुसता येतं, गोंदण पुसता येत नाही, त्यामुळे विमानतळावरच अडवतील. काही बायकांना तिथूनच परत पाठवल्याचं ऐकलं आहे. तेव्हा आईला सांग की यंदाचं राहू दे. यात तिची चूक नाही आणि माझीही नाही, नियमच तसा आहे. तिचं गोंदण मध्ये आलं, त्याला कोण काय करणार?

रेश्माच्या लग्नाला मी सुट्टी मागणार आहे, तेव्हा भेट होईलच. आईला उगाच सहावारीत फिरवू नकोस. थंडीत तिच्या टाचा फुटतात, कोकमाचं तेल लावायला सांग. ती स्वतःहून लावणार नाही.

सुप्रिया


पोलादपूर,
१७ जानेवारी १९९९

सुप्रिया,

हो, दप्तरं उलटी करून बघायची माझी सवय गेलेली नाही. कारण दप्तरातून काही ना काही निघायचंच.

परवा मी दासगावला जाऊन आले. तिथे खतिजाबी म्हणून आहेत, महाडच्या बाजारातली जुनी ओळख. त्यांचा मुलगा नि सून मस्कतला असतात आणि त्या स्वतः तिकडे राहून आल्या आहेत. सुक्या मासळीचं निमित्त करून गेले. पिशवीत चंदूनं शिवलेला अंगरखाही घेतला होता, बरोबर झालाय का ते दाखवायला. खतिजाबींनी तो उलगडला आणि खोकला लागेपर्यंत हसल्या. छत्रीची खोळ कोणी शिवून दिली, असं विचारायला लागल्या. मी तुझे नियम एकेक करून सांगितले. त्यांनी एकेक करून खोडले. त्यांच्या सुनेच्या शेजारी एक गुजराती बाई राहते, ती रुपयाएवढं कुंकू लावून, साडी नेसून देवळात जाते. देऊळ, सुप्रिया! मस्कतमध्ये देऊळ आहे, आणि तू मला कपाटातल्या चित्राचा फोटो पाठवणार होतीस.

त्यांचं म्हणणं एवढंच, की खांदे-पोटऱ्या झाकलेल्या असाव्यात, बाहेर पडताना अंगभर कपडा असावा, तेवढं केलं की झालं. साडीवर शाल घेतली तरी कोणी काही म्हणत नाही. गोंदणाचं विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, तुमच्या वहिनीच्या कपाळाशी तिकडं कुनाला काय काम?"

मग मी धीर करून धर्माचं विचारलं. विचारतानाच माझी मला लाज वाटली, त्यांच्याच घरी, त्यांचाच चहा पिताना. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमची पोर नर्स, तिला जेवायला वेळ मिळत नसेल, तिला नमाज शिकवायला कोण बसलंय. आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तिनं गळ्यातलं काढलं असंल, तर ते मुलकाच्या कायद्यानं नाय. तिचं तिला काय कारन असंल."

महाडला परत येईपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हणजे तू खोटं लिहिलंस. एकदा नाही, दोनदा. का, ते आता मला वळसे न घेता लिही.

दासगावचं वहिनीला मी काहीही सांगितलेलं नाही. तुझं गोंदणाचं पत्र तेवढं गेल्या आठवड्यात वाचून दाखवलं होतं. ती ऐकून 'बरं' म्हणाली, सहावारीची घडी घालून माझ्या हातात दिली आणि वाडीवर निघून गेली. तुझ्याकडून खरं येईपर्यंत तिला अर्धवट काही सांगायचं नाही, असं मी ठरवलंय. संशय मला पेलतो, तिला पेलणार नाही.

चंपाआत्या


महाड,
२५ जानेवारी १९९९

सुप्रिया,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. घाबरू नकोस, जिवावरचं टळलं आहे. मी महाडला दवाखान्यात वहिनीच्या खाटेजवळ बसले आहे.

तिनं कपाळाला बिब्बा लावला. तू लिहिलं होतंस ना, गोंदण पुसता येत नाही. तिनं मनात धरलं की पुसता येतं. बिब्ब्यानं कातडी जळते, खालून नवी कोरी येते, असं तिनं कधीतरी म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. कोणाला सांगितलं नाही. रेश्मा शेळ्या घेऊन गेल्यावर चुलीवर बिब्बे तापवले, त्यांचं तेल काढलं, त्यात चुना कालवला आणि सुईनं गोंदण टोचून टोचून त्यावर भरलं. एकदा लावून जाईना म्हणून परत लावलं. मग बिब्बा उतला. रेश्मा आली तेव्हा तोंड एवढं सुजलं होतं की डोळे दिसत नव्हते. वाडीतल्या पोरांनी डोली करून खाली आणलं, पोलादपूरला जीप मिळाली. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडं तेल ओघळलं असतं तर एक डोळा गेला असता. 

हे कशासाठी केलं, असं डॉक्टर विचारत होते. मी जवळ गेले तेव्हा माझा आवाज ओळखून हात चाचपला नि म्हणाली, "वन्सं, आता तरी चालंल का?"

सुप्रिया, मला आठवडाभर माहीत होतं की चालत होतंच. कोणाचीही मनाई नव्हती. वाडीवर एक निरोप धाडला असता, तर हे झालं नसतं. मी तुला पकडायला बसले होते. तू खोटं सांगितलंस आणि मी खरं दाबून ठेवलं, आणि जळलं तिचं कपाळ. तुझ्यावर चिडावं तर माझं तोंड नाही. रडू येतंय आणि ही ऐकेल म्हणून रडताही येत नाही.

दासगावचं तिला काल सांगितलं. तिनं विचारलं, "मंग सुपीनं तसं का लिवलं?" याचं उत्तर तू दे.

आत्या


मस्कत,
६ फेब्रुवारी १९९९

आई, आत्या,

दोन्ही पत्रं एका दिवशी मिळाली. आई, मी जळलेल्या माणसांच्या पट्ट्या बदलते, बिब्ब्यासारखं उतलेलं अंग कसं आग करतं ते मला माहीत आहे. ते तुझ्या कपाळावर मी केलं. क्षमा मागायची तरी कशी? आत्या, हे पत्र तिला पूर्ण वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

गेल्या श्रावणात आमच्या फ्लॅटवर मुंबईहून फोन आला. एक लहान मुलगा विचारत होता, पप्पा आहेत का. मला वाटलं चुकून लागला. मग त्याच्या आईनं फोन घेतला. ती विनीतची बायको. भांडुपला राहते, लग्नाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं झालीत. माझ्याबद्दल तिला काही माहीत नव्हतं आणि तिच्याबद्दल मला. तो संध्याकाळी आला तेव्हा मी विचारलं, तर नाकारायची तसदीही त्यानं घेतली नाही. म्हणाला, ती तिकडे, तू इकडे, तुला इथे कमी काय आहे? फ्लॅट त्याच्या कंपनीचा होता. मी गळ्यातलं काढलं, त्याच्या टेबलावर ठेवलं आणि हॉस्पिटलच्या नर्सहॉस्टेलवर आले. कोणी काढायला लावलं नाही. टिकलीचं पाकीट पिशवीतच होतं, पण परत लावावीशी वाटली नाही. आता तो मुंबईला बदली घेऊन गेलाय असं ऐकते. साइटवर नाही, कुठेच नाही.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी आहोत. आई आली असती तर कुठे ठेवलं असतं, कोणता संसार दाखवला असता? म्हणून मी कपड्यांचे नियम लिहिले. वाटलं काष्टा सोडायला ती तयार होणार नाही. ती झाली. मग वाटलं, गोंदण तर काही जात नाही.

तुम्हाला सांगितलं नाही ते रेश्मासाठी. बिरवाडीला कळलं असतं की थोरलीला नवऱ्यानं फसवलं, तर त्यांनी नारळ परत केला असता. लग्न उरकलं की सांगणार होते. आणि आत्या, तुझ्यासाठीही. स्थळ बघायला गेलीस तेव्हा तू त्याच्या चपला उलट्या करून टाचा कशा झिजल्यात तेसुद्धा बघितलं होतंस. एवढं पारखून आणलेलं स्थळ असं निघालं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?

एक खरं सांगते. इथे कोणी माझ्या कपाळाकडे बघत नाही. वॉर्डातल्या ओमानी बाया फक्त एवढंच बघतात, की सुई टोचताना माझा हात हलका आहे की जड. मी बाहेर पडते, बाजारात जाते, सलवार-कमीज आणि ओढणी, बस. मी जे नियम लिहिले ते इथले नव्हते. ते आपल्याकडचे होते. पोलादपूरच्या स्टँडवर उतरले की पहिली नजर माझ्या गळ्यावर जाईल आणि मग कपाळावर. मांडवात हळदीला मला हात लावू देतील की नाही, तेही मला माहीत नाही.

लग्नाची सुट्टी मंजूर झाली आहे. इथल्या बाजारात खोटं मंगळसूत्र मिळतं. ते घालून, टिकली लावून येऊ, की येऊच नको? परक्या मुलखात काय घालायचं ते मला कळतं, घरी येताना काय घालायचं ते कळत नाही. आईनं सांगावं. ती सांगेल तसं येईन.

सुप्रिया


वाडीवरून,
२७ फेब्रुवारी १९९९

चि. सुप्रिया,

सांगतेय तुझी आई, लिहितेय मी. सांगेल तसंच लिहायचं, माझी अक्कल मध्ये घालायची नाही, असं तिनं मला तंबी देऊन बसवलंय. तेव्हा इथून पुढे तीच.

सुपे, मी बरी हाय. तोंडाची सूज गेली, खपली पडली. ठिपका गेला, खालची रेघ अर्धी ऱ्हायली. कातडी लाल दिसते, डागदर म्हनतो हळूहळू रंगावर येईल. पासपोर्टातली खूण गेली म्हणून वन्सं रडते. मी नाय रडत. मी माज्या हातानं केलं, तुज्यावर त्याचा दोस नको घेऊ.

तुजं पत्र वन्संनी वाचलं. तीन वेळा थांबली, मी वाच म्हटलं. मला लय राग आला. त्या मेल्याचा आला, मंग तुजा आला. एवढं सा म्हयनं एकटीनं गिळलंस, आयेला एक शबूद नाय. मी काय मेली हुती? दोन दीस शेळ्यांवर वरडत ऱ्हायली.

तिसऱ्या दिवशी वन्संला म्हटलं, चला बिरवाडीला. ती नको नको म्हनत हुती, कपाळाची पट्टी तरी निघूंदे म्हनत हुती. मी म्हटलं, पट्टीसकट जायचं. पोराचा बाप येसाजी ओटीवर बसला हुता, त्याची बायको बनुबाई आतून आली. मी पानी पन नाय घेतलं. म्हटलं, आदी ऐका. माजी थोरली फसली, नवऱ्याला पयली बायको हाय, तिनं गळ्यातलं काढून त्याच्या फुडं टाकलं, आता एकटी ऱ्हाते, नोकरी करते. ह्ये ठावं करून घेऊन माजी धाकटी करायची तर करा, नायतर आताच सांगा.

येसाजी बायकोकडं बघाया लागला. बनुबाई म्हनाली, "आमाला पौषातच ठावं झालंय. माजी भाची भांडुपला ऱ्हाते. आमी वाट बघत हुतो, तुमी कवा सांगताय, का तसंच दडपून मांडव घालताय." वन्संचं तोंड उघडंच ऱ्हायलं. आमी त्यांच्यापास्नं लपवत हुतो नि ते आमाला जोखत बसले हुते. मंग बनुबाईनं पानी दिलं, ते मी प्यालं. लगीन ठरल्या दिवशी हाय. हळदीला थोरल्या भैनीचा हात लागंल, ह्ये बी मी तिथंच बोलून घेतलं. येसाजी जरा घुटमळला, पर बनुबाई हो म्हनाली.

आता तू इचारलंस, काय घालून येऊ. ऐक. तुजा आबा गेला तवा ह्याच अंगनात बायांनी माजा हात धरला, कुकू पुसलं, दगडावर बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली, तिचा वण अजून हाय. मला कुनी इचारलं नाय, तुला काढायचं हाय का ऱ्हावंदे. तुजं तू काढलंस. तुज्या हातानं, तुज्या मनानं. तुजा हात धराया कुनी आलं नाय. पोरी, ते बरं केलंस.

खोटं गळ्यात घालू नको. सलवार घालतेस तर सलवार घालून ये, साडी नेसतेस तर साडी नेस. टिकली लावावीशी वाटली तर लाव, नाय तर नको लावू. वीरला उतर. मी घरी वाट बघत नाय बसायची, टेशनावर येईन, काष्टा मारून, पदर मागं सारून. लोक बघतील तर बघूंदेत. तुजा गळा नि माजं कपाळ, दोगींचं एकदमच बघून होऊंदे. मंग आपन घरी जाऊ.

तुजी आय,
बायजा